पंधराव्या अंकानंतर

एकूण चारशे बारा नावं.
शाळेचे गणवेश शिवलेल्या बायकांची यादी,
सेनगावात, पंचायत समितीच्या मागच्या खोलीत,
जिथं प्रिंटर दुपारी तीननंतरच मनावर घेतो.
प्रत्येकीचं खातं सतरा अंकी.
मी तो कॉलम आधीच मजकूर करून ठेवलेला,
मशीननं त्याला आकडा समजू नये म्हणून.
चौकटीचौकटीच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण उगवला,
वाफ्यात शेपू उगवावी तसा.
म्हटलं, उगवू दे. सवय आहे त्याला.
गट नंबर बारा भागिले तीन लिहिला
तर हे बारा मार्च करून ठेवतं,
सातबाऱ्याचा तर डिसेंबर होतो किंवा जुलै,
त्याच्या मनावर.

मॅक्रो आधीच्या पोराचा. तो आता चाकणला असतो.
बटन दाबलं की काउंटइफ मोजतं,
एक खातं पुन्हा दिसलं की
पहिली ओळ ठेवतं, बाकीच्या मुकाट उचलून
‘दुबार’ नावाच्या शीटवर नेऊन टाकतं.
बटनावर त्यानं लिहिलंय : चालू द्या.

मी चालू दिलं.
एकतीस बायका गेल्या.

चौथ्या दिवशी गयाबाई मुसळे आली,
पासबुक पदरात, पदर मुठीत.
साहेब म्हणाले, दोनदा नाव लावलं का?
ती म्हणाली,
“दोनदा कशानं लावू? एकच मशीन हाय माव्हं. पायाचं.”

साहेब जेवायला गेले.
ती माझ्या टेबलापाशी उभीच.
मी पासबुक घेतलं, स्क्रीनवर बोट ठेवलं,
आणि मोठ्यानं वाचायला लागले
एकेक अंक, लहान पोराला पाढे म्हणवून घ्यावेत तसा.
पंधरापर्यंत सगळं तस्लीम बीसारखं.
मग तस्लीमचं एकोणीस,
हिचं वीस.
“त्या दिवशी क्यांपात ती रांगंत म्होरं होती,” गयाबाई म्हणाली,
“मी तिच्या मागं. माझ्या मागं सगळी आमची गल्ली.”

बत्तीस जणी, एका पाठोपाठ एक,
आणि काउंटइफ म्हणतं : बत्तीस वेळा तस्लीम.

चौकटीत मजकूर होता, अगदी शाबूत होता.
पण मोजायला बसलं की हे फंक्शन
मजकुराच्या अंगातला आकडा ओढून काढतं,
आणि आकडा म्हटलं की त्याची झेप पंधरापर्यंत.
पुढचे दोन अंक त्याच्या लेखी शून्य शून्य.
कुणाचं वीस, कुणाचं पंचेचाळीस, सगळं शून्य शून्य.
माझी चूक नव्हती, असं मी दोनदा म्हणाले.
तिनं एकदाही विचारलं नव्हतं.

संध्याकाळी उलगडलं.
निकषाच्या शेपटीला एक चांदणी जोडायची, अवतरणचिन्हात,
एवढंच.
चांदणी दिसली की ते आकड्याचा नाद सोडतं,
अक्षर अक्षर लावून बघतं,
नवी सून तांदूळ निवडते तसं, घाबरत, पण नीट.
मॅक्रोतल्या त्या ओळीतही चांदणी घातली.
उचलून टाकायची ओळ पुसली, नुसतं रंगवायचं ठेवलं.
बटनावरचं ‘चालू द्या’ मात्र तसंच राहिलं,
ते बदलायला पासवर्ड लागतो,
आणि पासवर्ड चाकणला.

दुबार शीट आता कोरी.
एकतीस जणी आपापल्या ओळीत परतल्या,
गयाबाई तस्लीमच्या बरोबर खाली.

तिला फोन करून सांगितलं.
थोडा वेळ नुसतं मशीन ऐकू आलं, पायाचं.
मग तिनं विचारलं,
“तस्लीमला बत्तीस जणींचे पैसे तर न्हाई ना गेले?”
नाही, म्हटलं. तिला तिचेच.
“मंग ऱ्हाऊ द्या,” म्हणाली,
“गेले असते तरी काय, भिंतीला भिंत हाय.
हाक मारली असती.”